आमच्या शाळेचा आठवडा : बातमी-फळ्यावरून

डांगाणी | शनिवार, १२ जुलै २०२५, रात्री ९.१०

नमस्कार मंडळी,

अकोले तालुक्याचा पश्चिमेकडचा डोंगराळ भाग म्हणजे डांगाण. तिथल्या एका जिल्हा परिषद शाळेवर मी शिक्षक आहे. पहिली ते चौथी, पट ३१, शिक्षक दोन. पहिली-दुसरी मॅडमकडे, तिसरी-चौथी माझ्याकडे. आठवडाभर शाळेत काय काय घडलं ते दर शनिवारी इथे लिहावं असं बरेच दिवस मनात होतं. त्याला कारण आमचा बातमी-फळा. आधी त्याच्याबद्दल सांगतो.

परिपाठात राष्ट्रगीत, राज्यगीत, प्रतिज्ञा, संविधानाची प्रास्ताविका, सुविचार, दिनविशेष झालं की बातम्या असतात. सगळ्याच शाळांत असतात. ज्याची पाळी तो पेपरातल्या दोन-तीन ठळक ओळी वाचतो आणि बाकीची मुलं मांडी बदलत बसतात. आमच्याकडे पेपर दुसऱ्या दिवशी एसटीने येतो, तोही पावसाळ्यात आला तर आला. जूनमध्ये एके दिवशी पेपर नव्हता. पाळी तिसरीतल्या एका मुलीची. ती पुढे येऊन बराच वेळ गप्प उभी राहिली, आणि मग म्हणाली, "आमची म्हस याली. राती याली. पारडी झाली."

सगळी शाळा ताठ बसली. कपाळावर चांद आहे का? वार पडली का? चीक कोणाकोणाला दिला? पहिलीतली पोरंसुद्धा विचारत होती, आणि ती मुलगी एकेकाला उत्तर देत होती. वर्षभर तिच्या तोंडून मी इतकी वाक्यं ऐकली नव्हती. व्हरांड्यात एक जुना लाकडी फळा पडून होता. त्याला काळा रंग दिला, भिंतीला ठोकला आणि ते वाक्य तिच्याच हातून त्यावर लिहून घेतलं. तेव्हापासून रोज तीन-चार बातम्या लागतात. पेपरातलीही एक असते, पण बाकीच्या आमच्या.

या आठवड्याच्या बातम्या अशा :

आषाढी रविवारी होती म्हणून दिंडी आम्ही आदल्या शनिवारीच काढली होती. सोमवारी फळ्यावर पहिली बातमी : "दिंडीत माझा एक टाळ हरवला. घावला तर द्या." मंगळवारी खाली उत्तर : "टाळ तांदळाच्या पिंपामागं हाये." लिहिणारा दुसरीतला. त्याला उत्तर लिही असं कोणी सांगितलं नव्हतं.

मंगळवारपासून आवणी जोरात. भातलावणीला आमच्याकडे आवणी म्हणतात. बुधवारी ३१ पैकी १७ मुलं आली. चौथीतल्या मुलाची बातमी : "आज तांदूळ १ किलो ७०० ग्रॅम लागला. काल २ किलो ४०० लागला होता." पोषण आहारात प्राथमिकच्या मुलाला रोजचा १०० ग्रॅम तांदूळ, म्हणजे त्याने हजेरी आणि तांदूळ यांचा हिशोब जुळवला होता. ग्रॅम-किलोग्रॅमचा पाठ मला वेगळा घ्यावा लागला नाही. स्वयंपाकाच्या मावशी तेव्हापासून सकाळी चूल पेटवण्याआधी फळा वाचून घेतात.

गुरुवारी गुरुपौर्णिमा. मुलांनी तेरड्याची फुलं आणली. बातमी कोणी लिहिली नाही.

आणि आज शनिवार. सकाळी मोबाईलवर वाचून दाखवलं की मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारशाच्या यादीत आले : ११ आपल्या राज्यातले, एक तामिळनाडूतला जिंजी. चौथीला शिवछत्रपतींचा इतिहास आहेच. सगळी नावं भिंतीवरच्या नकाशात शोधून झाली आणि एक पोरगा कंबरेवर हात ठेवून म्हणाला, "गुरुजी, मंग आपला रतनगड का नाही?" शाळेच्या दारातून उघडीप असली की रतनगडाचा खुटा, म्हणजे त्याच्या शेजारचा सुळका, दिसतो. त्याला कोणत्याही उत्तराने समाधान वाटेना. शेवटी फळ्यावर बातमी लागली : "बारा किल्ले यादीत आले. आपला रतनगड यादीत नाही. पण तो आम्हाला रोज दिसतो."

तुमच्या शाळेत, तुमच्या मुलांच्या शाळेत या आठवड्यात काय झालं? लिहा.

पंचगंगाकाठ | शनिवार, १२ जुलै २०२५, रात्री १०.०२

गुरुजी, मी निवृत्त प्राथमिक शिक्षिका, कोल्हापूरची. छत्तीस वर्षं नोकरी झाली. तुमचं लेखन दोनदा वाचलं.

आमच्या गावात लीलाताई पाटील यांनी १९८५ साली सृजन आनंद विद्यालय सुरू केलं. तरुणपणी आम्ही काही जणी तिथे जाऊन बसायचो. मुलाला जे सांगायचं आहे ते आधी ऐकून घ्यायचं, ही गोष्ट मी तिथून उचलली. माझ्या वर्गात पन्नासच्या वर मुलं असत, तरी रोज पाच जणांचं ऐकायचंच, असा नेम केला होता.

एकच विनंती. फळा पुसला की बातमी जाते. एक मोठी वही करा. शनिवारी शेवटच्या तासाला आठवड्याच्या बातम्या मुलांकडूनच त्यात उतरवून घ्या, तारीख घाला, ज्याची बातमी त्याने खाली नाव लिहायचं. वर्षाच्या शेवटी शाळेचं हस्तलिखित तयार होईल. मी तेव्हा हे केलं नाही, आणि आज त्या मुलांचं एकही वाक्य माझ्याजवळ नाही.

खाडीपूल | रविवार, १३ जुलै २०२५, सकाळी ८.४०

मी ठाण्याचा. मुलगा तिसरीत, मराठी माध्यम. उपक्रम आवडला, पण एक शंका मनापासून विचारतो. "म्हस याली", "घावला", "हाये" हे फळ्यावर तसंच राहिलं तर मुलांना तेच बरोबर वाटणार नाही का? उद्या हीच मुलं परीक्षेला बसतील, कामाला शहरात येतील. तिथे "याली" लिहिलं की गुण जातात आणि लोक हसतातही. माझे वडील खेड्यातून आले. त्यांना कचेरीत बोलण्यावरून काय ऐकावं लागलं ते मी पाहिलं आहे, म्हणून बोलतो. गावच्या मुलांना प्रमाण भाषा लवकर मिळावी, हा त्यांचा हक्क आहे असं मला वाटतं.

डांगाणी | रविवार, १३ जुलै २०२५, दुपारी ४.१५

पंचगंगाकाठ ताई, वही उद्याच आणतो. दोनशे पानी, जाड पुठ्ठ्याची.

खाडीपूल, तुमच्या वडिलांबद्दल वाचून वाईट वाटलं. शंका रास्त आहे आणि आम्हा दोघा शिक्षकांत त्यावर दोन आठवडे बोलणं चाललं होतं. मॅडमचं म्हणणं तुमच्यासारखंच होतं.

आम्ही असं करतो. मुलाचं वाक्य पांढऱ्या खडूने, जसं बोललं तसं. खाली पिवळ्या खडूने तेच वाक्य पुस्तकात कसं लिहितील तसं. पिवळं वाक्य वर्गाने मिळून करायचं. पांढरं खोडायचं नाही. "म्हस याली" खाली "म्हैस व्याली" आलं तेव्हा चौथीतली मुलगी म्हणाली, "गुरुजी, पुस्तकात व जास्तीचा हाये." मी म्हटलं, अजून कुठे जास्तीचा आहे बघा. तीन दिवसांत यादी झाली : येळ-वेळ, इळा-विळा, ईस-वीस, इस्तू-विस्तू, येगळा-वेगळा. म्हणजे इ किंवा ए यांच्या आधीचा व आमच्याकडे बोलताना गळतो, हा नियम मुलांनी स्वतः शोधला. आता लिहिताना "येळ" आलं की शेजारचा म्हणतो, "पिवळा व राहिला."

मी सुरुवातीच्या शाळेवर पाच वर्षं मुलांचं प्रत्येक वाक्य तोंडातून निघताच दुरुस्त करत होतो. मुलं दुरुस्त झाली नाहीत, गप्प झाली. ते माझ्या लक्षात यायला फार उशीर लागला, आणि त्या पाच वर्षांतल्या मुलांचे चेहरे मला अजून आठवतात.

मांडवीतीर | सोमवार, १४ जुलै २०२५, रात्री ९.३०

देव बरें करूं, गुरुजी. मी गोव्यात सरकारी मराठी प्राथमिक शाळेत शिकवते. आमच्याकडे हा प्रश्न दुप्पट आहे. मुलं घरी कोंकणी बोलतात आणि शाळेत मराठी वाचतात. पहिलीतलं मूल मांजराचं चित्र बघून "माजर" म्हणतं. आम्ही पिढ्यान् पिढ्या "माजर नव्हे, मांजर" असं म्हणत आलो. पांढरा-पिवळा खडू वाचल्यावर आज मी पहिल्यांदाच दोन्ही शब्द शेजारी लिहिले. एका मुलाने विचारलं, "टीचर, दोनूय बरोबर?" होय म्हटलं. तो फळ्याकडे बघत बसला होता.

आमच्याकडची आठवड्याची बातमी : शाळेच्या आवारातल्या विहिरीचं पाणी वाकून हाताला लागेल इतकं वर आलं. जाळी पक्की आहे ना, हे मुख्याध्यापिकांनी स्वतः ओढून बघितलं.

डांगाणी | शनिवार, १९ जुलै २०२५, रात्री ८.५०

दुसरा आठवडा. आवणी अर्धीअधिक उरकली, हजेरी परत वर चालली आहे. शुक्रवारी २६.

हा आठवडा पावसाच्या मापाचा. सोमवारी बातमी होती, "काल लई पाऊस झाला." त्याखाली कोणीतरी लिहिलं, "परवा जास्त झाला." भांडण सुरू झालं. मग माप करू असं ठरलं. पाण्याची दोन लिटरची बाटली घेतली, सरळ अंगाची. वरचा निमुळता भाग कापून उलटा करून तोंडावर बसवला, नरसाळ्यासारखा. बुडाला खळगे असतात म्हणून खाली खडे घातले, ते बुडतील इतकं पाणी ओतलं आणि तिथे शून्याची रेघ मारली. वर पट्टी चिकटवली. बाटली झाडाखाली आणि पागोळीखाली नको, हे मुलांना आधीच कळत होतं. बाटली विटांमध्ये उभी केली आणि रोज सकाळी परिपाठाआधी वाचायची, मग पाणी शून्यापर्यंत काढून टाकायचं, असं ठरलं.

इथवर पुस्तकात असतं. पुढचं पुस्तकात नव्हतं. तिसरीतला एक जण म्हणाला, "गुरुजी, बाटली बारकी हाये. पातेलं ठेवलं तर जास्ती पाऊस पडंल." सगळ्यांना ते पटलं. खरं सांगायचं तर मोठी माणसंही इथे अडखळतात. मी उत्तर दिलं नाही. मावशींकडून सरळ उभ्या भिंतीचे दोन डबे घेतले, एक मोठा, एक त्याच्या निम्म्याचा. दोन्ही मैदानात शेजारी ठेवले. तासभर पाऊस धो धो. मग पट्टी उभी घालून मापलं. मोठ्या डब्यात पाणी जास्त, पण उंची दोन्हींत सारखी. मुलांनी परत परत पट्टी घातली. मोठ्या तोंडात जास्त थेंब पडतात, पण ते पसरतातही जास्त जागेवर, हे चौथीतल्या मुलीने स्वतःच्या शब्दांत सांगितलं : "मोठ्या ताटात जास्त भात, पण थर तेवढाच." त्याहून सोपं मला सांगता आलं नसतं.

मग तिथूनच पुढे गेलो. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक मीटर लांब, एक मीटर रुंद जागेवर एक लिटर पाणी. व्हरांड्यात खडूने एक चौरस मीटर आखला आणि त्यात एक लिटर पाणी ओतलं. फरशी जेमतेम ओली झाली. "एवढंच?" असं सगळे एकदम म्हणाले. मग शाळेच्या पत्र्यावर एका रात्रीत किती पाणी पडत असेल, आणि ते सगळं जातं कुठे? ओढ्याला, ओढ्यातून प्रवरेला, प्रवरेतून भंडारदऱ्याच्या धरणात. मुलांनी धरण पाहिलेलं आहे, पण ते १९२६ साली पुरं झालं, म्हणजे त्यांच्या पणजोबांच्या वेळचं, हे नव्याने कळलं. शुक्रवारची बातमी : "आमच्या पत्र्यावरचं पाणी धरणात गेलं."

एक गोष्ट मात्र अवघड झाली, ती इथे मोकळेपणाने लिहितो. बुधवारी एका मुलाने फळ्यावर घरातली बातमी लिहिली. घरात भांडण झालं होतं. कोणी कोणाला काय केलं, तेही त्यात होतं. मी परिपाठाआधी पाहिलं म्हणून बरं. खडू हातात घेतला, पण पुसवेना. त्याने इतक्या विश्वासाने लिहिलं होतं. आणि गावातली माणसं आता येता-जाता फळा वाचतात, तर तसंच ठेवणंही शक्य नव्हतं. त्याला बाजूला घेतलं. ही बातमी खरी आहे, मी वाचली आहे, पण ती सगळ्यांनी वाचावी असं तुला वाटतं का, असं विचारलं. तो मान हलवून नाही म्हणाला आणि त्याने स्वतःच पुसली. मग आम्ही खडूच्या जुन्या खोक्याला फट पाडून एक पेटी केली. फक्त गुरुजी किंवा मॅडमसाठी असलेली बातमी त्यात टाकायची. तीन दिवसांत पाच चिठ्ठ्या आल्या. त्यांत काय आहे ते लिहिणार नाही. मॅडम एका घरी जाऊन आल्या.

दुसऱ्या कोणी असा प्रसंग हाताळला असेल तर सांगा.

बालाघाट | शनिवार, १९ जुलै २०२५, रात्री १०.३५

गुरुजी, मी बीड जिल्ह्यात शिकवतो. पेटीची कल्पना उचलतो. आमच्याकडे मुलांच्या मनातलं बरंचसं पेटीतच टाकण्याजोगं असतं.

आमची अडचण वेगळी. माझ्या वर्गातली निम्मी मुलं ऊसतोड मजुरांची. दिवाळी झाली की मुकादमाची गाडी येते आणि टोळी निघते. कोणी पश्चिम महाराष्ट्रात, कोणी कर्नाटकात. परतायला मार्च-एप्रिल उजाडतो. आजी-आजोबा असलेली मुलं मागे राहतात, काहींची हंगामी वसतिगृहात सोय होते, बाकीची आईबापाबरोबर कोपीवर, म्हणजे उसाच्या फडाजवळच्या झोपडीत, जातात. वर्गात त्यांच्या जागा रिकाम्या दिसतात. राहिलेली मुलं हळूहळू त्यांचं नाव काढायची बंद होतात. मला सगळ्यात जास्त तेच लागतं.

गेल्या हंगामात चौथीतल्या एका मुलाने बापाच्या मोबाईलवरून मला आवाज पाठवला : "गुरुजी, हितं पहाटं तीनला उठत्यात. मी वाढं गोळा करतो. बैलाचं नाव सर्जा हाय." (वाढं म्हणजे उसाचे शेंडे.) मी तो परिपाठात लावला. मुलांनी कान देऊन ऐकला, आणि त्याच्या मित्राने नकाशात ते गाव शोधून तिथे टिकली लावली. तुमच्या फळ्याबद्दल वाचल्यावर वाटलं, यंदा हे एकदाच न होता दर आठवड्याला व्हावं. फळ्याचा एक कोपरा "कोपीवरच्या बातम्या" म्हणून ठेवतो. आतापासून, टोळ्या जायच्या आधीच, मुलांना बातमी सांगायची सवय लागली पाहिजे. ऑक्टोबरपर्यंत माझ्याजवळ तीन महिने आहेत.

पंचगंगाकाठ | रविवार, २० जुलै २०२५, सकाळी ७.१५

बालाघाट, तुमची मुलं आमच्याच जिल्ह्यात येतात. दर हिवाळ्यात रस्त्याकडेला कोप्या उभ्या राहिलेल्या बघते. यंदा तुमची टोळी कोल्हापूर भागात आली तर फडाचं गाव मला कळवा. माझ्याकडे वेळ आहे, गोष्टींची पुस्तकं आहेत आणि दुचाकी चालवणारा नातू आहे. बातमी आवाजाऐवजी कागदावर लिहून पाठवायची असेल तर मी बसून लिहून घेईन.

गुरुजी, भांडणाच्या बातमीबद्दल. तुम्ही स्वतः पुसली नाहीत, त्याला पुसू दिलीत, हे बरं केलंत.

खाडीपूल | रविवार, २० जुलै २०२५, सकाळी ११.००

पांढऱ्या-पिवळ्या खडूचं पटलं. वडिलांना वाचून दाखवलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "आमच्याकडं इस्तूच म्हणायचे." मुलाने विचारलं, इस्तू म्हणजे काय? त्यांनी त्याला चुलीची, राखेत निखारा झाकून ठेवायची, शेजारी इस्तू मागायला जायची सगळी गोष्ट सांगितली. आजोबा-नातवाचं इतकं बोलणं आमच्या घरात क्वचित होतं.

दोन डब्यांचा प्रयोग गच्चीवर केला. पाण्याची उंची सारखी येईपर्यंत माझा स्वतःचाही विश्वास बसत नव्हता.

सोनेरीपूल | सोमवार, २१ जुलै २०२५, सकाळी ६.२०

कॅलिफोर्नियातून लिहिते आहे. मी इथल्या मराठी शाळेत स्वयंसेवक शिक्षिका आहे. बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या अभ्यासक्रमाप्रमाणे शिकवतो. शाळा आठवड्यातून एकदा, सध्या उन्हाळ्याची सुट्टी, सप्टेंबरला भरेल. आमची मुलं मराठी वाचतात, पण त्यांना मराठीत सांगण्यासारखं काही आहे असं वाटत नाही. जे घडतं ते इंग्रजीत घडतं. तुमचा फळा वाचताना मला हे नेमकं कळलं की आम्ही त्यांना शब्द देतो आणि त्यांच्याकडची बातमी मागत नाही. माझ्या मुलीच्या आयुष्यात या आठवड्यात एक पडलेला दात आणि अंगणात आलेली हरणं आहेत. रात्री मी तिला म्हटलं, हरणांची बातमी मराठीत सांग. तिने सांगितली. "हरीण आले आणि आमचे टोमॅटो खाल्ले आणि मी रागवली पण ते सुंदर होते."

सप्टेंबरपासून आमच्या मुलांच्या बातम्या तुमच्या फळ्याला पाठवल्या तर चालतील का? आणि तुमच्या मुलांच्या आम्हाला? फोटो, नावं काही नको.

डांगाणी | सोमवार, २१ जुलै २०२५, रात्री ९.४५

चालेल म्हणजे काय, मुलं वाट बघतील. हरणांची बातमी आजच सांगितली. इथे रानडुकरं भुईमूग खातात, त्यामुळे "रागवली" हे सगळ्यांना समजलं. "सुंदर होते" यावर मात्र चर्चा झाली.

नावं-फोटो मीही टाकणार नाही. कोणी मागू नये ही विनंती.

डांगाणी | शनिवार, २६ जुलै २०२५, रात्री ९.२५

तिसरा आठवडा. आवणी संपली. आज पट ३१, हजर ३१.

किरकोळ बातम्या आधी. पत्रा एका कोपऱ्यात गळतो, तिथे बादली आहे, आणि पहिलीतली मुलं त्या बादलीचंही माप घेतात. शाळा व्यवस्थापन समितीची बैठक झाली. या समितीत तीन-चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असाव्यात असं शिक्षण हक्क कायद्यात आहेच, पण आमच्याकडे बायका सहीपुरत्या येत. या वेळी चार जणी बसल्या आणि पत्र्याचा विषय त्यांनीच काढला. दुरुस्ती गावातून वर्गणी काढून गणपतीच्या आत करायची असं ठरलं. परसबागेत लावलेले वालाचे वेल मांडवाला लागले. बी एका मुलाच्या आजीने दिलेलं, घरचं. कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे आमच्याच तालुक्यातल्या, बियाणं जपण्यासाठी त्यांना पद्मश्री मिळाली, त्यामुळे घरचं बी म्हटलं की मुलांची मान ताठ होते. आज आनंददायी शनिवार म्हणून दप्तर नाही, घरून रानभाजी आणायची होती. कुर्डू, भारंगी, टाकळा, चाई. मावशींनी चारही वेगवेगळ्या शिजवल्या. भारंगी कडू लागते म्हणून पहिलीतल्यांनी सोडली.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते.

दुसरीत एक मुलगी आहे. शाळेत येऊन वर्ष झालं, बोलत नाही म्हटलं तरी चालेल. अक्षरं येतात, मॅडमनी खूप मेहनत घेतली आहे, पण फळ्यावर तिने कधी खडू धरला नव्हता. बुधवारी सकाळी शाळा उघडायला गेलो तर ती आधीच व्हरांड्यात बसलेली. म्हणाली, "खडू." दिला. तिने फळ्याच्या सगळ्यात खालच्या बाजूला, हात पोचतो तिथे, लिहिलं :

"माझ्या आईनी काल सगळ्यांच्या आधी पात लावून संपवली."

पात म्हणजे लावणीत एकेकीच्या वाट्याला येणारा पट्टा. अर्धा तास लागला तिला. परिपाठात तिने ते वाचलंही, हळू, पण वाचलं. कोणीतरी विचारलं, किती बाया होत्या? तिने दोन्ही हातांची बोटं दाखवली.

दुपारी खिचडी वाढत होतो तेव्हा तिची आई फाटकापाशी दिसली. अंगावर इरलं, पाय पोटरीपर्यंत चिखलाचे. आत यायला तयार नव्हती, ओटा खराब होईल म्हणून. पोरगी धावत गेली आणि हाताला धरून तिला फळ्यापाशी घेऊन आली. आईला वाचता येत नाही. ती म्हणाली, "कुठं लिवलंय माझं?" मुलगी खाली बसली, पहिल्या शब्दावर बोट ठेवलं आणि एकेक शब्द पुढे सरकवत सगळं वाक्य वाचून दाखवलं. आईने पुन्हा वाचायला सांगितलं. मग विचारलं, यातलं "आई" कोणतं? पोरीने दाखवलं. तिने त्या शब्दाच्या जरा बाजूला, खडू पुसणार नाही अशा बेताने, बोट टेकवलं.

जाताना मला विचारलं, "गुरुजी, उद्या पुसनार का हे?"

मी वहीबद्दल सांगितलं. फळ्याचा खालचा भाग या आठवड्यात कोणीही वापरला नाही. मी तसं सांगितलेलं नव्हतं.

गुरुवारी आणि काल तिची आई परत आली. फळ्यापुढे दोन मिनिटं उभी राहते आणि शेताकडे जाते. मॅडम तिच्याशी बोलल्या आहेत. संध्याकाळी अर्धा तास, पोरीच्या शेजारी बसून, पहिल्यांदा स्वतःचं नाव. सोमवारपासून.

पंचगंगाकाठ | शनिवार, २६ जुलै २०२५, रात्री १०.१०

वहीत उतरवलंत ना? तारीख घातलीत?

डांगाणी | शनिवार, २६ जुलै २०२५, रात्री १०.१८

उतरवलं ताई. तिच्याच हातून. बुधवार, २३ जुलै. पान अकरावं.